कुलूप एक, किल्ली दुसरी



कारखान्यातला यंत्रहात ठरल्या क्षणी थांबला नाही, तर शेजारच्या कामगाराचा हात जातो. अशा यंत्राच्या संगणकाचे उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. ते वेळेत यावे लागते. म्हणून आजचा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. तेथे अनेक कामे एकाच माहितीला हात घालतात, म्हणून कुलूप लागते. लिनक्सचे नेहमीचे कुलूप म्हणजे स्पिनलॉक. ते दुसऱ्याकडे असेल तर येणारा दाराशीच घिरट्या घालतो, आणि आतल्याला मध्येच कोणी उठवत नाही. मग बाहेरचे काम कितीही तातडीचे असो!

२०२४ साली लिनक्सच्या मुख्य प्रवाहात सामील झालेल्या ‘प्रीएम्प्ट आरटी’ने ही रीत बदलली. त्यात स्पिनलॉकपाशी थांबणारा झोपी जातो, आणि कुलूप धरून बसलेल्या कनिष्ठाला ज्येष्ठाचा अग्रक्रम तात्पुरता मिळतो. १९९७ मध्ये मंगळावरचे पाथफाइंडर यान याच सोयीअभावी पुनःपुन्हा नव्याने सुरू होत होते; ती सोय पृथ्वीवरून चालू केली, तेव्हा ते सावरले.

परंतु कामांची पाळी लावणाऱ्या भागानेच झोपावे कसे? अशा मोजक्या जागांसाठी जुने, घिरट्यांचे कुलूप ‘रॉ स्पिनलॉक’ या नावाने शिल्लक ठेवले आहे. साध्या कर्नलमध्ये स्पिनलॉकच्या पोटात हेच रॉ कुलूप असते. एखादा ड्रायव्हर लिहिणारा थेट त्या पोटात हात घालतो, आणि त्याचे निभावतेही. आरटी कर्नलमध्ये मात्र पोटातली रचनाच निराळी. मग कंपायलर अडतो: असा घटक येथे नाही, किंवा हा प्रकार त्या फंक्शनला चालत नाही.

आता उपाय काय? पहिला मोह म्हणजे प्रकार बळेच बदलून कंपायलरचे तोंड बंद करणे. तक्रार मिटते, पण एका रचनेची स्मृती दुसरीची समजून वापरली जाते आणि यंत्र भलत्याच वेळी कोसळते. दुसरा मोह, सरसकट सगळी कुलुपे रॉ करण्याचा. बांधणी पार पडते, पण तातडीची कामे पुन्हा ताटकळतात. शिवाय रॉ कुलूप धरले असता झोपणारे कुलूप घेता येत नाही, की नेहमीच्या रीतीने स्मृती मागता येत नाही.

सरळ वाट अशी. आधी विचारावे, येथे झोपणे चालेल काय? आरटीत बहुतेक इंटरप्टची कामे स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतात, म्हणून उत्तर बहुधा ‘होय’ येते. मग साधी स्पिनलॉकचीच फंक्शने वापरावीत आणि पोटात हात घालू नये. उत्तर खरोखरच ‘नाही’ असेल, तर घोषणा, आरंभ, लावणे आणि काढणे ही चारही एकजात रॉ करावीत, आणि कुलपातले काम चार ओळींत आटोपावे. पुढे लॉकडेपने कुलपांचा क्रम तपासून घ्यावा.

बांधणीच्या वेळची चूक टेबलावर सापडते. दडपलेली चूक यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला सापडते. तेव्हा कंपायलर अडला म्हणून त्याच्यावर रागावू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.