नाणेघाट : पांथस्थांचा पाषाणातील विसावा

(गणेशपुरी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



गणेशपुरीच्या उष्णोदक कुंडांपाशी आज मोटारीने सहज येता येते. त्यामुळे ज्या काळी माल बैलांच्या पाठीवर लादून माणसे पायी घाट चढत, त्या काळाची कल्पना मुलांना येत नाही. ती यावी म्हणून एका स्थळाकडे आपले लक्ष वेधतो.

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढू लागते. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल या वाटेने जुन्नरास व पुढे पैठणास जाई. घाटमाथ्याशी कातळात प्रशस्त लेणे खोदलेले आहे. आत बसावयास दगडी ओटा, जवळच पाण्याची कोरीव टाकी. थकलेल्या पांथस्थास सावली, बैठक व पाणी एकाच ठिकाणी लाभे.

लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात यज्ञांची व दानांची नोंद असून संख्या अंकांत कोरल्या आहेत. त्या अंकांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. स्थानिक किंमत शिकविताना हे उदाहरण द्यावे. शून्याची थोरवी मुलांना आपोआप पटेल.

घाटमाथ्यावरील मोठ्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. ही लोकश्रुती, लेख हा लिखित पुरावा. दोहोंतील भेद मुलांस समजावून देणे हेच इतिहासाचे खरे शिक्षण होय.

लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आज पावलांचे अवशेष व वरील नावेच उरली आहेत. दोन सहस्र वर्षांचा ऊनपाऊस सोसलेली अक्षरे एखाद्या सहलीतील खिळ्याच्या ओरखड्याने नष्ट होऊ शकतात. म्हणून सहल नेण्यापूर्वी वर्गातच सांगावे की, भिंतीस हात लावू नये, नाव कोरू नये, टाक्यात कचरा टाकू नये.

ज्यांना नाणेघाट दूर पडेल, त्यांनी गावातील जुनी विहीर, धर्मशाळा अथवा पार मुलांकडून पाहवून घ्यावा, मोजून घ्यावा आणि तो कोणी बांधला हे वृद्धांस विचारून वहीत उतरवून घ्यावे. अनोळखी वाटसरूसाठी कोणीतरी पाण्याची सोय केली, एवढे मुलांच्या मनात ठसले तरी इतिहासाचा तास सार्थकी लागला असे मी समजेन.