गिरणीवाल्याचं हॉटेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ज्यांचं बालपण नागपूरच्या गणेशपेठेत गेलं, त्यांना घड्याळाची फारशी गरज नव्हती. एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की आई डबा बांधायला घ्यायची. बाबा विव्हिंग खात्यात साच्यांवर होते. त्यांच्या सदऱ्यावर, केसांवर, भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे.

१९७४ च्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही मुंबईला गेलो. गेटवे ऑफ इंडियापाशी सगळे समुद्र पाहत होते. बाबा मात्र समुद्राकडे पाठ करून ताजमहाल हॉटेलकडे बघत उभे होते. म्हणाले, "हे आपल्या गिरणीवाल्याचं हॉटेल हाये." मी आत जाण्याचा हट्ट धरला. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आपल्याले काय कराचं आहे आत जाऊन? येथूनच पाह्य."

'आपल्या गिरणीवाल्याचं' आणि 'येथूनच पाह्य' ही दोन वाक्यं त्यांनी एका दमात उच्चारली होती. ती एकमेकांशी कशी जुळतात, हे कोडं माझ्या मनात पुढे पन्नास वर्षं राहिलं.

बाबांचं पहिलं वाक्य अगदी खरं होतं. जमशेटजी टाटांनी ताज बांधला त्याच्या पाव शतक आधी ते नागपुरात आले होते. मुंबईत गिरण्यांची दाटी होत असताना त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथला, कोळसा जवळच्या वरोऱ्याचा आणि १८६७ पासून रेल्वेही आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून त्यांनी गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, म्हणून नाव 'एम्प्रेस'. इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला होता. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं त्याचं मत. पुढे त्यानंच कबूल केलं, की यांनी माती घातली आणि सोनं काढलं. अशी कथा जमशेटजींच्या चरित्रात आहे.

हॉटेलच्या वेळीही लोक हसलेच. बंगळूरला विज्ञानसंस्था काढायची, पोलादाचा कारखाना काढायचा आणि आता हा भटारखाना? असं त्यांच्या बहिणीनंच विचारल्याचं सांगतात. तरीही १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडलं. गेटवे तेव्हा नव्हतंच. ते झालं १९२४ मध्ये. म्हणजे बोटीनं येणाऱ्या पाहुण्याला मुंबईत आधी दिसायचं ते हे हॉटेल. त्याचा आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि वास्तुरचनाकारानं जीव दिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती खोटी आहे. घोडागाड्या शहराच्या बाजूनं येत, म्हणून दरवाजाही तिकडे होता. आज त्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे.

मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हा मुलीनं त्या हॉटेलातल्या एका रात्रीची भेट दिली. मी नाही म्हणत होतो. एका रात्रीचं भाडं बाबांच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होतं. पण विदर्भ एक्स्प्रेसनं निघालो.

दारात पाय क्षणभर अडखळले. दरवानानं नमस्कार केला आणि मी, चांगला साठीचा माणूस, कुणी माझा हात धरून मागे ओढतंय का, हे पाहत राहिलो. आत मधोमध तो भव्य जिना आणि तिथे जमशेटजींचा पुतळा. खाली एका बाजूला २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात या हॉटेलात गेलेल्या ३१ जणांची नावं. त्यांत पाहुणे आहेत आणि कामगारही. त्या रात्री मागच्या दारानं निघून जाणं शक्य असताना अनेक कर्मचारी पाहुण्यांना सोडून गेले नाहीत. मी नावं वाचत गेलो. पाहुणा कोण आणि कामगार कोण, हे मला वाचताना वेगळं करावंसं वाटलं नाही.

जळालेली जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली. नक्षी, घुमट, लाकूडकाम सगळं पूर्वीसारखं. रात्री मऊ गादीवर पडल्यावर मनात एम्प्रेस मिल आली. १९८६ मध्ये ती सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आता तिथे मॉल आणि इमारती आहेत. एकाच माणसाच्या दोन वास्तू. एकीची दगडाला दगड जुळवून डागडुजी झाली, दुसरीचं फक्त नाव उरलं. हॉटेल वाचवलं हे योग्यच झालं. पण ज्या आवाजावर अख्खं शहर उठत होतं, तो भोंगा तरी आपण नागपूरकरांनी कुठे जपून ठेवायला हवा होता, असं वाटत राहिलं.

पहाटे सवयीनं पाचला जाग आली. खाली उतरून मी गेटवेपाशी, बाबा उभे होते साधारण त्याच जागी जाऊन उभा राहिलो. समुद्राकडे पाठ केली. माझ्या खोलीचा दिवा मी चालूच ठेवला होता. खिडकी ओळखता आली. तेव्हा कळलं, की बाबांना आत जायची भीती नव्हती. आपल्या हातचं काम माणूस जसं दोन पावलं मागे सरून बघतो, तसं ते बघत होते. घामाचा हिशेब त्यांना पाठ होता.

फक्त माझा हात त्यांनी सोडायला हवा होता. मी तेवढा दारापर्यंत जाऊन आलो असतो.