गंधाचे प्रमाण, पिकाचे रक्षण

आष्ट्याच्या शिवारात हरभरा फुलोऱ्यात आला की घाटे अळीची चिंता सुरू होते. या किडीच्या मादी पतंगाच्या गंधात दोन प्रमुख द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण साधारणतः ९७ ला ३. अल्प वाटणारे ते तीन भाग वगळल्यास नर फारसे आकृष्ट होत नाहीत. कॅलिफोर्नियात पाइन वृक्षांची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांबाबत १९६६ साली असेच आढळले. तीन द्रव्ये एकत्र येताच भुंगेरे जमले. म्हणून कामगंध सापळ्यात त्याच किडीचे ताजे ल्यूर असावे. हेक्टरी ५ सापळे लावून पतंग रोज मोजावेत. सलग २-३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८-१० पतंग सापडल्यास पीक तपासून फवारणीचा निर्णय घ्यावा. सापळा हा पिकाचा जागल्या होय. त्याची वर्दी ऐकल्यास अनावश्यक फवारणीचा खर्च वाचेल.