खर्ड्याचा उतार



जामखेड तालुक्यातलं खर्डा म्हटलं की 1795 सालची लढाई आठवते. त्या मार्चमध्ये निजाम अलीची फौज इथल्या किल्ल्याच्या आसऱ्याला आली आणि कोंडीत सापडली. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालच्या मराठी फौजेने वेढा आवळला आणि निजामाला तह करावा लागला. इतिहासाच्या तासाला हे आपण ऐकलेलं असतं. मला आज भोवतीच्या डोंगरांबद्दल बोलायचं आहे.

हे डोंगर बालाघाटचे. या रांगेच्या एका अंगाचं पाणी सिंदफणा-मांजरेतून गोदावरीला मिळतं, दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला. आता याच मुलखावर सरकारी नकाशा ठेवून पाहा. खर्डा अहिल्यानगर जिल्ह्यात, शेजारचं भूम धाराशिवमध्ये, पाटोदा बीडमध्ये. 1948 पर्यंत तर इकडे मुंबई प्रांत आणि तिकडे निजामाचं राज्य होतं. आजही खर्डा नाशिक विभागात येतं, भूम-पाटोदा छत्रपती संभाजीनगर विभागात. पाणी उताराने जातं आणि फाईल हद्दीने जाते. योजना आखणाऱ्याला या दोन्ही रेघा एकदम दिसाव्या लागतात, आणि भूगोल शिकलेल्या मुलाला त्या दिसू शकतात, हेच मला सांगायचं आहे.

आपल्याकडे मुलीने किंवा मुलाने बी.ए.ला भूगोल घेतला की घरचे विचारतात, पुढे बी.एड.च ना? मी स्वतः भूगोल शिकवतो, मास्तरकीला कमी लेखणार नाही. पण त्या मुलांच्या प्रात्यक्षिक वहीत किती ताकद आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. एकास पन्नास हजार प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा घेऊन ती समोच्च रेषा गिरवतात, गुण मिळवतात आणि वही माळ्यावर टाकतात. त्या रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, एकमेकींपासून लांब गेल्या की जमीन सपाट. पाझर तलाव कुठे घ्यावा, रस्ता कुठून काढावा, वस्ती कुठे वाढू द्यायची नाही, हे ठरवायला तिथूनच सुरुवात होते.

वस्त्यांचंही तसंच. भोवतालच्या वाड्यांतली माणसं बाजाराला खर्ड्यात येतात, तहसीलच्या कामाला जामखेड गाठतात, जिल्ह्याच्या कामाला अहिल्यानगर. वॉल्टर ख्रिस्टॅलर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 साली या पायऱ्यांचा सिद्धांत मांडला. पुढचा दवाखाना नेमका कुठल्या गावात उघडावा, या प्रश्नाला तो आजही उपयोगी पडतो.

नगररचनेतलं पॅट्रिक गेडिस हे नाव ऐकलं असेल. मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतातली अनेक शहरं त्यांनी पायी हिंडून पाहिली. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. डोंगरापासून समुद्रापर्यंतचं अख्खं खोरं एका नजरेत घ्यावं, असंही ते शिकवत. यातलं भूगोलाच्या विद्यार्थ्याला परकं काय आहे?

आता नियोजनाकडे जाणारी वाट. नुसत्या बी.ए.वर नगररचनाकार होता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी. करा, त्यानंतर नियोजनातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीची दारं काही संस्थांत उघडतात. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर त्यांपैकी एक. सरकारी जागांच्या जाहिरातीत पात्रता वेगळी असते, स्थापत्य किंवा वास्तुकलेची पदवी मागितलेली असते, म्हणून प्रत्येक जाहिरात ओळ न ओळ वाचा. सोबत जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, शिका. उपग्रहाची चित्रं, सात-बाऱ्याचे गट आणि नाले एकावर एक ठेवून पाहता येणारा माणूस पाणलोटाच्या कामात लागतोच. आणि 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम चाळा. प्रादेशिक योजना आणि विकास योजना ज्या कायद्याने होतात, तो हाच.

खर्डा, जामखेडच्या मुलांना एक काम देतो. येत्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला की वही घेऊन आपल्या शिवारात हिंडा. पाणी कुठून आलं, कुठे साचलं, कुणाचा बांध फोडून गेलं, ते लिहा. मग घरी येऊन तेच पाणी नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढा, आणि जिथे ती रेघ तालुक्याची हद्द ओलांडते, तिथे एक ठळक फुली मारा.