आई पाहुणी आली आणि अर्धांगवायू झाला तर

दिवाळीनंतर गावाकडून आईवडील कर्जत-खोपोलीला मुलाकडे राहायला येतात. सकाळी चहा पिताना आईच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळतो, बशी हातातून सुटते, बोलणं बोबडं होतं. अशा वेळी तेल चोळत बसू नका, पाणीही पाजू नका. १०८ ला फोन करा आणि आई शेवटची धडधाकट कधी दिसली ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे दिसल्यावर. म्हणून स्कॅनची सोय नसलेल्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका.

आता खर्च. रेशनकार्ड गावचं आहे, इथे काय उपयोग, असं समजून माणसं दागिने गहाण टाकतात. याचं फार वाईट वाटतं. पण त्याच रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यभर चालते. २०१२ साली ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. उपचार मात्र योजनेतल्या रुग्णालयातच हवेत. तिथे योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटा. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड काढावं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आईवडील यायला निघतील तेव्हा रेशनकार्ड, आधार आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत ठेवायला सांगा.