इंजिनातले पाणी जाते कोठे?



या व्यासपीठावर इतिहास आणि वाङ्मय यांवर विद्वान बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे शिकलो ते गॅरेजात आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून चालकांमध्ये वावरताना ज्या प्रश्नाने आम्हांला छळले, तोच आज मांडतो.

२०१४ साली प्रवासी गाड्यांच्या एका मालकाने आमच्या एका चालकाच्या पगारातून पैसे कापायला सुरुवात केली. पेट्रोलची व्हॅन घाटात तापून बंद पडली होती. मालक म्हणाला, "याने पाणी पाहिले नाही." पूर्वी असेच एक प्रकरण आम्ही हरलो होतो. त्या वेळी फाटकापुढे घोषणा पुष्कळ दिल्या; पण पाणी गेले कोठे, असे विचारताच आमची दातखीळ बसली. ती हार फार झोंबली होती.

मोटारीची थंडाव्याची व्यवस्था म्हणजे घरातला प्रेशर कुकरच समजा. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग बहुधा एका वातावरणाइतका दाब आत धरून ठेवते. त्या दाबाखाली साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळले तर मर्यादा आणखी वर जाते. झाकणाचे रबर झिजले की दाब टिकत नाही आणि इंजिन ठणठणीत असूनही पाणी उकळून बाहेर पडते. महाबळेश्वरी उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तेव्हा सैल झाकणाचे बिंग घाटात आधी फुटते. झाकणात एक दुसरी छोटी झडपही असते. इंजिन निवताना ती बाटलीतले पाणी परत आत घेते. ती अडकली, तर निवल्यावर होज पाइप चपटा झालेला दिसतो. मात्र हे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका. तोंड भाजलेले सोबती आम्ही पाहिले आहेत.

झाकण चांगले असेल तर गळती शोधावी. वॉटर पंपाच्या बारीक छिद्राखाली ओघळ, होजच्या क्लिपांशी वाळलेला रंगीत डाग, गाडीत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके. हे शेवटचे लक्षण हीटरच्या गळतीचे. पण जमिनीवर थेंब नाही आणि पाणी तर रोज कमी, असे असेल तर ते आतच जाते आहे.

आमच्या प्रकरणात तसेच होते. ओळखीच्या मिस्त्रीने घड्याळ लावलेला हातपंप आणला. थंड इंजिनात रेडिएटरच्या तोंडावर तो बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. आम्ही सारे काट्याकडे पाहत बसलो. काटा हळूहळू उतरला. खाली जमीन कोरडी. प्लग काढून इंजिन फिरवताच एका सिलिंडरातून पाण्याचा फवारा उडाला. हेड गॅस्केट फुटले होते.

मालक म्हणाला, "पाणी कमी ठेवले, इंजिन तापले, म्हणून गॅस्केट गेले." तेही घडू शकते, हे आम्ही कबूल केले. नुसत्या पंपाने आमचे काम भागत नव्हते. भागवले ते चालकाच्या पेट्रोलच्या वहीने. त्याने आधीच्या सहा आठवड्यांत अकरा वेळा लिहिले होते, "पाणी १ लिटर". एके ठिकाणी होते, "सकाळी गाडी सुरू करताच होज दगडासारखा, रेडिएटरात बुडबुडे. मॅनेजरला सांगितले." थंड इंजिनात लगेच असा दाब चढतो तो वाफेचा नव्हे, जळलेला वायू गॅस्केटमधून पाण्यात शिरतो त्याचा. म्हणजे गॅस्केट घाटाच्या आधीच गेले होते. मॅनेजरचे उत्तर होते, "पाणी वत आन् चालव."

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे कामगाराच्या हयगयीने नुकसान झाले असेल तरच पैसे कापता येत, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागे. वही पुढे ठेवताच कापलेले दोन्ही हप्ते परत मिळाले. तीन महिन्यांनी मात्र काम नाही म्हणून त्याला घरी बसवले. ते आम्हांला थांबवता आले नाही.

पुढे युनियनने तसलाच एक हातपंप वर्गणीतून घेतला. तो कचेरीत कपाटावर असतो. आपल्यापैकी कोणाचे पाणी कमी होत असेल, त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे आणि घेऊन जावे. फक्त दुसऱ्या दिवशी परत आणावा. मागच्या खेपेला तो पंधरा दिवस कोणाच्या डिकीत राहिला होता.