उत्सवाचा मंडप आणि लोकप्रतिनिधी

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लोकप्रतिनिधी आणि गावाचे सार्वजनिक जीवन या विषयावर आम्ही बोलावे, असे चालकांनी सुचविले तेव्हा आमचे एक स्नेही हसले. त्यांचे म्हणणे असे की, या विषयावर व्याख्यान कसले द्यायचे! पुढारी उशिरा येतात, नारळ फोडतात, शाल पांघरून घेतात, चार शब्द बोलतात आणि पुढच्या मंडपाकडे निघून जातात, विषय संपला. हा उपहास आम्हांला पटला नाही. पुढाऱ्याच्या येण्याची हेटाळणी करणे सोपे आहे. परंतु तो न आला तर त्याच मंडपात त्याच्याविषयी काय बोलले जाते, हेही आपण सर्वांनी ऐकलेले आहे. लग्नाला, बाराव्याला, जत्रेला, कुस्तीच्या फडाला जो येत नाही तो आपला नव्हे, ही आपल्या लोकांची जुनी कसोटी आहे आणि आमच्या मते ती चुकीची नाही. निवडून दिलेला माणूस वर्षातून चार वेळा तरी जवळून दिसावा, त्याच्या कानी दोन शब्द घालता यावेत, एवढीच गरिबाची अपेक्षा असते. विधानसभेची पायरी त्याला चढता येत नाही; मंडपाची चढता येते.

तेव्हा पुढारी आला की नाही, एवढ्यावर न थांबता पुढचे विचारले पाहिजे. तो कोणाच्या मंडपात बसला, कोणाच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि उठून जाताना सोबत काय घेऊन गेला? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही आपल्याला घाटाखाली, शेजारच्या गोमंतकात घेऊन जाणार आहोत. तेथील पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांना सारा गोवा 'भाऊसाहेब' म्हणून ओळखतो. आमच्या पिढीने त्यांना पाहिलेले नाही. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, ते निवर्तले. परंतु उत्सव आणि राजकारण यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर त्यांच्या कारकिर्दीइतका बोलका दाखला मराठी मुलखाच्या आसपास दुसरा सापडणे कठीण.

प्रथम त्या काळचा गोवा डोळ्यांसमोर आणा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगिजांचे राज्य होते, आणि सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर सेन्सॉरची कात्री व सभेवर पोलिसांचा पहारा होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना अटक झाली. भाषणासाठी चार माणसे जमविणे हा जेथे गुन्हा, तेथे माणसे जमणार कोठे? ती देवळाच्या प्राकारात जमली, भजनी सप्ताहात जमली, शिगम्याच्या मांडावर जमली, जत्रेच्या रात्री मराठी नाटकापुढे उजाडेपर्यंत बसली. उत्सव हाच गोमंतकीय बहुजनांचा चव्हाटा होता, आणि त्यातल्या नाटकाने व भजनाने शाळेवाचून त्यांना मराठी शिकविली.

परंतु या चव्हाट्यावरही सगळ्यांना सारखी जागा नव्हती. देवस्थानांचा कारभार महाजनांच्या हाती होता आणि पोर्तुगीज सरकारने १९३३ साली केलेल्या नियमावलीने ती व्यवस्था कायद्याने पक्की केली होती. पालखी उचलणारे, दिवटी धरणारे, वाजविणारे, गाणारे यांना देवाच्या दारी सेवेचा मान होता. हिशेबाच्या वहीवर त्यांची सही चालत नव्हती. भाऊसाहेब ज्या गोमंतक मराठा समाजात जन्मले, तो याच सेवेकऱ्यांचा समाज. त्या समाजातील स्त्रियांच्या पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या गायन-नर्तनसेवेत गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी त्या रूढीविरुद्ध चळवळ उभी केली. अशा समाजातला, पेडणे महालात जन्मलेला एक माणूस खाणींच्या व्यवसायात धनवान होतो, मोकळ्या हाताने दान करतो, आणि २० डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीवचा मुख्यमंत्री होतो! यापुढे तो जेव्हा एखाद्या जत्रेला जाईल आणि त्याच्यासाठी पुढची खुर्ची मांडली जाईल, तेव्हा मागे उभ्या असलेल्या हजारोंना काय वाटेल, याची कल्पना करा. ती खुर्ची एकट्या बांदोडकरांची राहिली नाही. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला आपणच थोडे पुढे सरकल्यासारखे वाटले असेल. उत्सवातील उपस्थिती हीच एक राजकीय कृती होऊ शकते, ती अशी.

मंडपातून उठून जाताना ते काय घेऊन गेले, हे त्यांच्या सरकारच्या कामावरून दिसते. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या वाडीत पोर्तुगीज अमदानीत अक्षर पोहोचले नव्हते, तेथे मास्तर पोहोचला. १९६४ साली कुळ कायदा झाला आणि कुळाने भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, द्यावयाच्या खंडावर उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याची मर्यादा आली. जत्रेत कुळाने कानात सांगितलेले गाऱ्हाणे कायद्याच्या कलमात उतरले, असे म्हटले तर ते अलंकारिक होईल. परंतु ज्यांच्यात बसउठ होती त्यांचेच दुःख या कायद्यात आहे, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

आता खेळ आणि कला यांविषयी थोडेसे. क्रिकेट हा भाऊसाहेबांचा जिवाचा छंद होता. फुटबॉल तर गोव्याच्या मातीतलाच खेळ, आणि १९७० साली तेथे त्यांच्या नावाने सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली. हयात पुढाऱ्याच्या नावाने चषक असावा की नसावा, यावर आमचे मत आम्ही राखून ठेवतो. त्याच वर्षी कला अकादमीची स्थापना झाली. मांडवीच्या काठची तिची वास्तू पुढे चार्ल्स कोरिया यांनी उभारली. ज्या समाजाची गाणारी पिढी देवळाच्या चौकाबाहेर मानाने येऊ शकत नव्हती, त्याच समाजातील मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत गाण्यासाठी सरकारी अकादमी स्थापन व्हावी, हा योगायोग समजण्यास आमचे मन तयार होत नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल की संपादकमहाशय आरती ओवाळावयास उभे राहिले आहेत. तसे नाही. दात्याभोवती दरबार भरतो आणि दरबारात प्रश्न विचारणारा मागे पडतो, हा धोका भाऊसाहेबांच्याही वाट्याला आला. १९७० साली त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले. तो तपशील आज नको. आम्हांला आपल्यापुढे मांडावयाची आहे ती १९६७ ची गोष्ट. सीमाभागातील मराठी माणसाने ती डोळे उघडे ठेवून ऐकली पाहिजे, कारण ती आपल्याला सुखावणारी नाही.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या मागणीवर उभा होता. लोकांचा कौल घ्यावयाचे ठरले, तो निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी, आपल्या हुतात्मा दिनाच्या आदल्या दिवशी, गोव्यात मतदान झाले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत याच बांदोडकरांचा पक्ष तीसपैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला! १९७२ साली त्या जागा १८ झाल्या.

या दोन निकालांची सांगड कशी घालायची? लोकांना माणूस हवा होता, मागणी नको होती, असे उत्तर सर्रास दिले जाते. त्यात तथ्यांश असेल. आमचे वाचन थोडे निराळे आहे. निवडणुकीत मते मतदारसंघागणिक मोजली जातात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा भागांत ज्याची मुळे खोल आहेत त्याला तेथल्या जागा मिळतात, आणि बाकीच्या ठिकाणी तो कितीही मतांनी हरला तरी जागेचा आकडा वाढतो तो एकानेच. कौलात मात्र सारा गोवा हा एकच मतदारसंघ होता. तेथे मुळे किती खोल आहेत यापेक्षा ती किती दूरवर पसरली आहेत, याला मोल आले. सासष्टीतून विलीनीकरणाविरुद्ध मतांचा लोंढा आला आणि फोंड्याच्या मतांना तो थोपविता आला नाही.

म्हणजे काय झाले? जत्रेच्या मंडपातील माणसे भाऊसाहेबांची होती. चर्चच्या फेस्ताला जमणारी माणसे, तियात्राच्या तंबूतील माणसे त्यांची झाली नव्हती. तेथे डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष घरचा होता. उल्हास बुयांव यांचे 'जय गोमंतक' कलापथक विलीनीकरणाविरुद्ध कोकणी गाणी गात गावोगाव हिंडले, आणि ती गाणी देवळाच्या अंगणातल्याही अनेकांच्या ओठी बसली, हे मान्य केले पाहिजे. उत्सव, गाणे आणि नाटक यांतून ज्यांनी सत्ता मिळविली होती, त्यांना उत्सव, गाणे आणि नाटक यांतूनच उत्तर मिळाले. प्रतिपक्षाची ही हुशारी होती. तिची निंदा करण्यापेक्षा ती शिकावी, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या घरी येऊ. उत्सवांच्या बाबतीत आपण गरीब नाही. वैशाखातील शिवजयंतीचे चित्ररथ पाहावयास आपल्या शहरात रस्ते पुरत नाहीत. गणेशोत्सवाला पाऊणशेहून अधिक वर्षे झालेली मंडळे येथे आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा येथे खेड्यातली माणसे स्वतःच्या खर्चाने साहित्य संमेलने भरवितात. असे वैभव पुण्या-मुंबईच्या आसपासही विरळा. या प्रत्येक ठिकाणी आपले पुढारी असतात, सर्व पक्षांचे असतात, त्यांच्या तसबिरींचे फलक तर देवाच्या मखरापेक्षा मोठे असतात. आणि तरीही २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, २०२३ मध्येही नाही. मंडप भरलेले आणि विधानसभेतील बाक रिकामा, ही स्थिती आपण रोज पाहतो. गटबाजी हे तिचे कारण सांगितले जाते आणि ते खरे आहे; त्याची चर्चा आम्ही आमच्या स्तंभांतून इतक्या वेळा केली आहे की आज पुन्हा करीत नाही.

दुसरे कारण मंडपातच आहे. आपला पुढारी मंडपात येतो तो आपल्याच मंडपात. चार गल्ल्या ओलांडून जेथे कन्नड बोलणारा किंवा उर्दू बोलणारा शेजारी त्याचा सण करतो, तेथे आपण जात नाही. गेलो तर कोणी पाहील की काय, म्हणून घाईने परततो. त्या शेजाऱ्याशी आपले भांडण कधीच नव्हते. आपली मागणी आपल्या भाषेच्या हक्काची आहे आणि ती त्याच्या ओसरीवर बसूनही सांगता येते. शिवाय आपल्या मंडपात आलेला पुढारी उठतो तेव्हा त्याच्या हातात काय असते? शाल आणि श्रीफळ! मराठीत उतारा मिळावा म्हणून कचेरीत हेलपाटे घालणारा शेतकरी त्याच मंडपात मागे उभा असतो, मराठी शाळेला मास्तर नाही म्हणून कासावीस झालेली आई तेथेच आरतीचे तबक घेऊन उभी असते. आणि ध्वनिक्षेपकावरून सत्कारमूर्तींची नावे संपता संपत नाहीत.

म्हणून मंडळांच्या कार्यवाहांना आमची एक विनंती आहे. पुढाऱ्याला बोलवा, अवश्य बोलवा. हार एक कमी घाला आणि व्यासपीठाच्या बाजूला एक टेबल मांडा. त्या टेबलावर वही ठेवा. ज्याचे जे काम अडले असेल ते त्याने नाव-गावासह तेथे लिहावे, आणि सत्काराला आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, नारळ फोडण्यापूर्वी त्या वहीत आपण कोणते काम पत्करले ते लिहून खाली सही करावी. सही करण्यास जो तयार नसेल त्याला प्रसाद द्या, पण ध्वनिक्षेपक देऊ नका. वहीची एक प्रत आमच्या कचेरीत आणून द्या. कोणत्या मंडपात कोणी कोणते काम पत्करले, आणि पुढल्या चतुर्थीपर्यंत त्याचे काय झाले, असे दोन रकाने आम्ही छापू. जागा आमच्याकडे आहे. जाहिरातीची जागा मोडून देऊ. आता अध्यक्षांची परवानगी असेल, तर कोणाला काही विचारावयाचे असल्यास त्यांनी ते अवश्य विचारावे.